बोट डावीकडं कलायची, तेव्हा

उजनीच्या पाण्यावर आमची सतरा फुटी केबिनवाली मोटरबोट असते. सोलापूरहून रविवारी जातो. पण ही बया नुसती उभी असली तरी डावीकडं कललेली! मेव्हणा म्हणायचा, "दाजी, हिला लकवा मारलाय का?"

पळतानाच कलली असती तर मोटरच्या पाण्यातल्या पंख्यावर संशय घेतला असता. उभ्या-उभ्या कलते म्हणजे वजनाचा घोळ.

आधी तळातलं पाणी उपसलं. दोन बादल्या निघाल्या. मोकळं पाणी खालच्या अंगाला धावतं आणि कल आणखी वाढवतं. तरी बोटीच्या दोन्ही काठांपासून पाण्यापर्यंत टेप लावला तर पाच सेंटीमीटरचा फरक राहिलाच.

मग वीस लिटरचे कॅन भरून उजव्या काठाला एकेक ठेवत गेलो. एका कॅनचं पाणी म्हणजे वीस किलो, हिशोब सोपा. दोन कॅन, मधल्या रेषेपासून 80 सेंटीमीटरवर, आणि बोट सरळ! वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर म्हणजे कलवायचा जोर: 40 किलो गुणिले 0.8 मीटर म्हणजे 32.

कॅन कायम कोण वाहणार? बॅटरी 28 किलोची, डाव्या बाकाखाली, मध्यापासून 55 सेंटीमीटरवर. तीच उजवीकडं तेवढ्याच अंतरावर नेली. सरकली 1.1 मीटर, म्हणजे 28 गुणिले 1.1, जवळपास 31. जमलं की! वायर लांबली म्हणून जाड घ्यावी लागली, आणि बॅटरी पट्ट्यानं घट्ट आवळली.

आता फरक बोटभरही नाही. मेव्हणा डाव्या बाकावर बसला की मात्र पुन्हा कलते.