लोकरीच्या दुकानातला कट्टा आणि कृतींची वही: या चुका टाळा

लोकरीच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल आणि चार खुर्च्या असल्या की तिथे आज ना उद्या कट्टा जमतोच. कुणी सुटलेला टाका उचलून घ्यायला येतं, कुणी रंग जुळवायला, आणि तासाभराने बघावं तर टेबलावर डबा उघडलेला असतो. "हे कसं केलंत?" हा प्रश्न आधी स्वेटरबद्दल विचारला जातो, मग केकबद्दल. मराठीत दोन्हींच्या उत्तराला एकच शब्द आहे, कृती. विणकामाच्या पुस्तकात आणि पाककृतींच्या पुस्तकात मथळेही तेच असतात: साहित्य, कृती. आणि मी पाहत आले आहे त्यावरून, दोन्हीकडे घोटाळाही एकाच जागी होतो. सांगणारीच्या हाताला पक्कं माहीत असलेलं माप कागदावर उतरतच नाही.

बहुतेक कट्ट्यांवर एक सामायिक वही असते. त्या वहीतल्या आणि त्या टेबलाभोवतीच्या या चुका. बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत.

नंबर लिहिला, माप राहिलं

"सुया १० नंबरच्या." एवढंच लिहिलेल्या पानावरून मी एकदा तान्ह्या बाळाची टोपी विणायला घेतली. लिहिणारीने जुना ब्रिटिश नंबर दिला होता, माझ्या हातात अमेरिकन नंबराच्या सुया होत्या. ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड. त्यामुळे ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिमी आणि अमेरिकन १० म्हणजे ६ मिमी. टोपी तयार झाली ती बाळाच्या आजोबांना बसेल एवढी, वर जाळीदार. ८ नंबरचा घोळ यापेक्षा वाईट, कारण ४ मिमी आणि ५ मिमी हा फरक पटकन डोळ्यांना दिसत नाही. अर्धी पाठ विणून झाल्यावर शंका येते. म्हणून वहीत नंबर लिहायचाच असेल तर लिहा, पण शेजारी मिलिमीटर हवेतच.

क्रोशात हाच गोंधळ नावांचा आहे. अमेरिकन कृतीतलं सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश कृतीतलं डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. ओळखायची खूण सोपी आहे: कृतीत कुठेही "सिंगल क्रोशे" आलं की ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच वापरत नाहीत. आपल्या वहीत मात्र सरळ साखळी, मुका खांब, खांब असंच लिहावं. मुका खांब म्हटल्यावर कुणाचा गैरसमज झालेला मी अजून पाहिलेला नाही.

आता डब्याकडे. "दोन कप मैदा." कुठला कप? अमेरिकन कप साधारण २४० मिलि, मेट्रिक कप २५०, जपानी २००. कप एकच असला तरी मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि कपच पिठात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. दोन कपांत ६० ग्रॅमचा फरक पडला की एकीचा केक मऊ आणि दुसरीचा विटेसारखा. मग ती दुसरी म्हणते, "हिने मुद्दाम काहीतरी सांगितलं नाही." कट्ट्यावरचे निम्मे रुसवे इथून सुरू होतात. मोठ्या चमच्याचंही तसंच: बहुतेक ठिकाणी तो १५ मिलिचा, ऑस्ट्रेलियात २० मिलिचा.

यावरचा उपाय दुकानातच असतो. उरलेली लोकर तोलायला ठेवलेला छोटा काटा! एक ओळ विणण्याआधी आणि विणल्यानंतर गुंडा तोलला की एका ओळीला किती लोकर लागते ते कळतं. गुंड्यात १२ ग्रॅम उरलेत आणि ओळीला दीड ग्रॅम जातो, म्हणजे आठ ओळी. त्यातून टाके बंद करायला कापडाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपट धागा बाजूला काढायचा. हाच काटा मैद्यालाही चालतो, फक्त वर स्वच्छ भांडं ठेवा.

"मी माप घेत नाही, अंदाजाने करते"

प्रत्येक कट्ट्यावर अशी एक काकू असतेच. तिचा ब्रेड सगळ्यात चांगला आणि तिची कृती सगळ्यात निरुपयोगी: "मावेल तेवढं पाणी घाल, हाताला कळतं." चूक तिची नाही. चूक आपली, की आपण तिला माप विचारतो. तिच्याकडे माप नसतंच, प्रमाण असतं.

प्रमाणावर चालणारी कृती मापाच्या कृतीपेक्षा जास्त भरवशाची असू शकते. बेकरीवाले पीठ १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत सांगतात. साध्या ब्रेडला पाणी ६० ते ७० टक्के, मीठ २ टक्क्यांच्या जवळपास. पीठ अर्धा किलो असो की पाच किलो, हिशोब तोच. विणकामात एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या विणकामाच्या लेखिका-डिझायनर बाईंनी नेमकं हेच केलं. गोल विणायच्या स्वेटरचे छातीचे टाके १०० टक्के धरायचे आणि मनगटाला त्याच्या २० टक्के, दंडाला साधारण ३३ ते ३५ टक्के टाके घ्यायचे. छातीला २०० टाके असतील तर मनगटाला ४०. लोकर कुठलीही असो, माणूस कुठल्याही अंगाचा असो. मला स्वतःला मापाच्या लांबलचक तक्त्यांपेक्षा हे केव्हाही पटतं.

तर काकूंकडून कृती घ्यायची असेल तर त्यांच्या मुठी मोजू नका, भांड्याचं वजन करा. भांडं काट्यावर ठेवा, त्यांना नेहमीसारखं पीठ घालू द्या, आकडा टिपा. पाण्याचा तांब्या आधी तोला, मळून झाल्यावर पुन्हा तोला. त्यांना मध्ये एकही प्रश्न विचारू नका, विचारलात की हात अडखळतो आणि प्रमाण बदलतं. आम्ही हे केलं तेव्हा पाणी ६८ टक्के निघालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोललं, पुन्हा ६८. काकू आकड्याकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढं नेमकं करते होय मी?"

कट्ट्यावर विणलेला नमुना

मोठं काम सुरू करण्याआधी हात तपासायला नमुन्याचा छोटा तुकडा विणतात, त्याचा कंटाळा ही जुनीच चूक. हिशोब एकदा मांडला की कंटाळा जातो: कृतीत १० सेंमीला २२ टाके आहेत, तुमचे २० येतात. २२० टाक्यांचा स्वेटर १०० सेंमीचा व्हायचा तो ११० चा होतो. तुकडा निदान १५ सेंमी रुंद विणा, धुऊन सपाट वाळवा, मग मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके धरू नका, ते खोटं बोलतात.

पण कट्ट्यावरची खास चूक वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. गप्पा मारताना आपला हात बदलतो. कुणाचा सैल पडतो, कुणाचा आवळतो. माझ्या एका राखाडी स्वेटरच्या पाठीवर आडवे पट्टे दिसतात, दर चार बोटांवर एक. रंगाचा दोष असेल म्हणून लेबलं काढून बघितली तर सगळ्या गुंड्यांचा डाय लॉट, म्हणजे एकत्र रंगवलेल्या घाण्याचा नंबर, एकच. मग लक्षात आलं की पट्टे कट्ट्याच्या वारांचे होते. घरी शांतपणे विणलेलं सैल, कट्ट्यावर तावातावाने बोलताना विणलेलं घट्ट. तेव्हापासून कट्ट्यावर मी मोजे, मफलर असलंच काम नेते. नमुना आणि अंगाचा मुख्य भाग घरी, जाळीची नक्षी तर घरीच. कुणाचे ओठ हलताना दिसले की तिला हाक मारायची नाही, ती टाके मोजते आहे.

डाय लॉटचा विषय निघालाच आहे तर: लॉट खरंच वेगळे आले असतील, तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या असं काही अंतर विणत न्या. सीमा पुसट होते.

टाका सुटला की सुया हिसकावणं

हे प्रेमापोटी होतं, पण होऊ नये. नवखीचा टाका सुटतो, ती घाबरते, आणि समोरची अनुभवी बाई "आण इकडे" म्हणत सुया ओढून घेते. दोन मिनिटांत टाका जागेवर. नवखीला काय कळलं? काहीच नाही. शिवाय त्या चार ओळींचा हात वेगळा पडला तो कायमचा.

सुया तिच्याच हातात राहू द्या. सुटलेल्या टाक्याच्या फासात आधी सेफ्टी पिन अडकवायला सांगा, म्हणजे तो आणखी खाली घसरत नाही. मग क्रोशाची सुई समोरून फासात घालून वरची आडवी दोरी ओढायची, पुन्हा वरची, पुन्हा वरची, अशी शिडीची एकेक पायरी चढत सुईपर्यंत यायचं. कापड सुलट बाजूने धरलं तर हे सोपं जातं. तिला दहा मिनिटं लागतील. लागू द्या.

न विचारता चूक दाखवणं हा याचाच धाकटा भाऊ. तिसाव्या ओळीवर असलेलीला पाचव्या ओळीतली चूक दाखवण्याआधी एवढंच विचारा, "सांगू का?"

डबा आणि लोकर एका टेबलावर

तेलकट, पाकातलं, भुगा पडणारं टेबलावर नको. एका घासाचं, टूथपिकने उचलता येईल असं आणा. आणि खाणं विणण्याच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही. तरीही डाग पडतोच.

डाग पडला की पहिली चूक म्हणजे ओला रुमाल घेऊन घासणं, दुसरी म्हणजे गरम पाणी. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं होतं. ते परत सुटत नाही. तेलाच्या डागावर कॉर्नफ्लॉवर जाडसर पसरा, काही तास राहू द्या, मऊ ब्रशने झटका. मग गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात लोकरीचा सौम्य साबण घालून दाबून धुवा, पिळू नका. धुवायचं आणि खळबळायचं पाणी सारखंच कोमट ठेवा. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, सपाट वाळवा. प्रोटीनचे डाग खाणाऱ्या एन्झाइमची पावडर लोकरीला लावू नका, लोकरही प्रोटीनच आहे. आणि लोकर ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्री टाळा. विणीचा फुगीरपणा जातो आणि पुन्हा येत नाही.

डाग तसाच ठेवून स्वेटर कपाटात टाकला तर कसर आमंत्रण समजते. पतंगाच्या अळ्यांना स्वच्छ लोकरीपेक्षा घामाचे, अन्नाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते. कट्ट्यावर वाटायला आणलेली जुनी लोकर म्हणूनच थेट टोपलीत घालू नये. हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवावी, आणि पिशवी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरतं.

डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून सगळे घटक लिहा. "यात नट्स नाहीत ना?" याला "बहुतेक नाहीत" हे उत्तर नव्हे. अमेरिकेच्या कायद्यात प्रमुख ॲलर्जीकारक घटक ९ आहेत (२०२३ पासून तीळ धरून), युरोपीय संघात १४. शेंगदाण्याचं काही खाल्लं असेल तर गुंडा हातात घेण्याआधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने ते अंश जात नाहीत. दूध-अंड्याचे ओलसर पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. कट्टा तीन तास चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दुप्पट करताना

कट्ट्यासाठी केक दुप्पट करायचा म्हणून २० सेंमीऐवजी ४० सेंमीचं भांडं घेतलं की केक पापडासारखा पातळ होतो. गोल भांड्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. २० सेंमीच्या दुप्पट हवं तर २८ सेंमी पुरे. कृतीत नुसतं "३५०" लिहिलं असेल तर ते फॅरेनहाइट, म्हणजे १७५ ते १८० सेल्सिअस. पंख्याच्या ओव्हनमध्ये आणखी २० अंश कमी.

कुणाचं काय वाटायचं

अमेरिकी कायद्यात पदार्थाच्या घटकांच्या नुसत्या यादीवर कॉपीराइट नसतो, पण कृती ज्या शब्दांत लिहिली आहे ते शब्द आणि फोटो यांच्यावर असू शकतो. विणकामाच्या विकत घेतलेल्या छापील कृतीची झेरॉक्स काढून पाच जणींत वाटणं हे मात्र सरळ चुकीचं, आणि तेही ती पुस्तिका विकणाऱ्या दुकानात बसून! टाका शिकवा, छापील पान नको. वहीत उतरवाल तेव्हा देणारीचं नाव लिहा. तुम्ही बदल केलात तर मूळ आकडा खोडू नका, शेजारी तारीख घालून नवा लिहा. तिसरीला मूळच हवं असतं.

आणि वही बॉलपेनने लिहा, शाईच्या पेनाने नको. काकूंच्या ब्रेडच्या पानावर कुणीतरी चहाचा कप ठेवला आणि ६८ मधला ८ फुटून गेला. पुढच्या बाईने तो ३ वाचला. आता ते पान प्लास्टिकच्या पाकिटात आहे.