अग्निवीर भरती: माझे १२ सेकंद कुठे गेले

"पोरांना दोन वर्षं सक्तीनं मिलिटरीत घाला, वळण लागेल," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी या गावानं पिढ्यान्‌पिढ्या घरटी फौजी दिले, कुणी सक्ती न करता. १९६२ च्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ ला ती परत ऐच्छिक झाली. इथं मनापासून जाणारी पोरंच गेटवरून माघारी येतात. मी त्यांतलाच. माझं भरतीचं वय संपलं. तुमचं आहे, म्हणून लिहितोय.

लेखी, कागदपत्रं तुम्हाला माहीत आहेत. मी अडकलो १६०० मीटरला. गावाकडं रस्त्यावर एकटा पळून ५ मिनिटं २० सेकंद (५:२०) यायचे. भरतीच्या ग्राउंडवर मात्र सगळी बॅच एकदम सुटते. मी मागं सापडलो आणि पहिल्याच राऊंडपासून शेवटपर्यंत बाहेरून सगळ्यांना काढायला गेलो. हिशोब करा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोन लेन बाहेरून पळालात, की राऊंडला साधारण १५ मीटर जास्त. चार राऊंडला ६०. त्या वेगाला हे १२ सेकंद झाले. त्यात पहिला राऊंड ७२ सेकंदांत मारला. ५:३० साठी ८२ पुरतात. तिसऱ्या राऊंडला मांड्या दगड झाल्या. टायमिंग ५:३८. एक्सलंट गटाचे ६० मार्क गेले, गुड गटाचे ४८ हातात आले. बीम (पुल-अप्स) दहाच्या दहा मारले होते, तरी मेरिटला नाव नव्हतं. (वेळेचे गट बदलत असतात, तुमच्या वर्षाची जाहिरात नीट वाचा.)

म्हणून आतली कड सोडू नका. पुढं काढायचं ते सरळ पट्ट्यावर, वळणावर कधीच नाही. आठवड्यातून एकदा तरी वीस-तीस पोरांच्या घोळक्यात पळा.

आईचं गंठण गहाण ठेवून मी अकॅडमीची फी भरली, तिथं हे कुणी सांगितलं नाही. गावातल्या रिटायर हवालदार काकांनी नंतर पाच मिनिटांत समजावलं. आधी अशा माणसाकडं जा. 'सेटिंग आहे' म्हणणारा आणि पळायच्या आधी इंजेक्शन देणारा, दोघांनाही उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होतात, हे घरी आजच सांगा.

एक ग्राउंड हुकलं म्हणून खचू नका, वय आहे तोवर पुढचं असतं. मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. माझ्या बॅचमधला एकजण तेवढ्यावरच अडकला होता.