अहिराणी गाण्याचे ट्रॅक वेगळे काढताना

श्रावणात कानबाई देवीची गाणी रेकॉर्ड करायची, तर बँड-इन-अ-बॉक्स या साथसंगत तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साथ बांधून प्रत्येक वाद्य जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओला वेगळं द्यावं. ढोलकी, संबळ तिथे खरेच वाजवून घ्या.

आधी साथ गोठवा (फ्रीझ). नाहीतर पुन्हा 'जनरेट' झाली की गिटार वेगळीच वाजते आणि काल काढलेल्या बासशी जुळत नाही. मग म्यूट-सोलो तपासा (कुठला ट्रॅक बंद किंवा एकटाच चालू राहिला नाही ना), रिव्हर्ब (घुमारा) शून्यावर आणा. ऑडिओ काढण्याच्या खिडकीत प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल हा पर्याय निवडा: वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. नॉर्मलाइझ बंदच ठेवा. ते चालू असेल तर हळू वाजणारे स्ट्रिंग्जही ड्रम्सइतके मोठे होतात. मिडी ट्रॅक (ज्यात आवाज नसून फक्त सुरांच्या सूचना असतात) मुका आला, तर तो बाहेरच्या सिंथवर, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या वेगळ्या यंत्रावर, वाजत असणार. सॉफ्टवेअरच्या आतला सिंथ निवडा.

फाइलच्या सुरुवातीची शांतता कापू नका. सगळ्या फाइली एकाच क्षणी सुरू झाल्या, तरच मिक्सिंगला ताल जुळतो.

नावाचा क्रम असा: अंक, गाणं, वाद्य, लय, पट्टी. उदाहरणार्थ '०३_कानबाई_बास_९६_डी'. प्रत्यक्षात मात्र रोमन अक्षरांत टंका, कारण झिप उघडताना देवनागरी नावांचे कधीकधी चौकोन होतात. '३' ऐवजी '०३' लिहा, म्हणजे १० नंबर २ च्या आधी येत नाही. 'फायनल', 'फायनल२' अजिबात नको, तारीख घाला.

चार मिनिटांची स्टिरिओ फाइल साधारण ६३ एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच, तर डॉक्युमेंट म्हणून.