युरेनियमच्या पाण्यासाठी जिवाणूंची बाटली-चाचणी: आधी नायट्रेटचा हिशेब

जिवाणू युरेनियम नष्ट करत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या +६ अवस्थेतल्या युरेनियमला ते इलेक्ट्रॉन देतात, त्याचं +४ होतं आणि ते गाळाच्या कणांना चिकटून बसतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी हे १९९१ मध्ये दाखवलं. २००२ मध्ये अमेरिकेत, कोलोराडोतल्या रायफल इथे जुन्या युरेनियम कारखान्याच्या जागेवर जमिनीखाली ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, जिवाणूंचा खुराक म्हणून सोडलं. काही विहिरींत ९ दिवसांतच युरेनियम उतरू लागलं आणि लोह आणि युरेनियमला इलेक्ट्रॉन देणारे जिओबॅक्टर जिवाणू फोफावले. पण सुमारे ५० दिवसांनी सल्फेटवर जगणारे जिवाणू वरचढ झाले आणि युरेनियम पुन्हा चढलं.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात मोठी अडचण नायट्रेटची. जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, आणि नंतर लोह व युरेनियमकडे वळतात. म्हणून बोअरमध्ये काही ओतायच्या आधी बाटलीत पाहायचं.

पाण्याची तपासणी करून घ्या: युरेनियम, नायट्रेट, सल्फेट, कॅल्शियम, क्षारता, सामू, विरघळलेला ऑक्सिजन. युरेनियमच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. नायट्रेटची बाटली वेगळी ठेवा, तिच्यात हे आम्ल पडलं तर आकडा आम्लाचाच येईल. युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे जायची गरज नाही. काळ्या पाषाणात ते मुळातच कमी असतं. चाचणीसाठी म्हणून बाहेरून युरेनियमचे क्षार आणून घालू नका, ते परवान्याचं काम आहे.

आता हिशेब. समजा नायट्रेट लिटरला ९३ मिलिग्रॅम, म्हणजे १.५ मिलिमोल. एका नायट्रेटला ५ इलेक्ट्रॉन लागतात, एक ॲसिटेट ८ देतं. म्हणजे ०.९४ मिलिमोल ॲसिटेट तिथेच गेलं. ६.४ मिलिग्रॅम ऑक्सिजनला ०.१. जिवाणूंच्या स्वतःच्या वाढीसाठी निम्मं आणखी धरा, झालं साधारण १.६. आणि ६० मायक्रोग्रॅम युरेनियमला? ०.००००६ मिलिमोल. सगळा खुराक नायट्रेट खातं, युरेनियमच्या वाट्याला चिमूटही नाही. लोहासाठी शिल्लक ठेवून लिटरला ५ मिलिमोलपासून सुरुवात करावी. गूळ किंवा काकवी स्वस्त पडते खरी, पण ती आंबते, सामू घसरतो, वायू धरतो. पहिल्या चाचणीत नकोच.

गाळ पाण्याच्या थरातलाच हवा, बोअर खोदताना निघालेला. वरची काळी माती चालत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा, थंड ठेवा, उन्हात वाळवू नका.

१२० मिलिलिटरच्या सीरम बाटलीत २० ग्रॅम ओला गाळ आणि ८० मिलिलिटर तेच पाणी. हवा काढताना नुसता नायट्रोजन फिरवला तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो, चुना बसतो आणि युरेनियमही सोबत नेतो. जिवाणूंनी काही न करताच चाचणी यशस्वी दिसते! म्हणून नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइडचं ८०:२० मिश्रण १५-२० मिनिटं सोडा आणि सामू मूळच्या जवळ आहे का पाहा. बूच ब्युटाइल रबरचंच, वरून ॲल्युमिनियमची टोपी. साध्या रबरातून ऑक्सिजन झिरपतो.

१३.६ ग्रॅम सोडियम ॲसिटेट (ट्रायहायड्रेट) पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा. त्यातलं ०.४ मिलिलिटर प्रत्येक बाटलीत गेलं की ५ मिलिमोल झालं. असे तीन संच, प्रत्येकी तीन बाटल्या: ॲसिटेट घातलेल्या, न घातलेल्या, आणि सलग तीन दिवस ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने जिवाणू मारलेल्या) पण ॲसिटेटसह. तिसरा संच वगळू नका. गाळ स्वतःही युरेनियम शोषतो, त्यातून जिवाणूंचा वाटा वेगळा याच संचामुळे कळतो. बाटल्या अंधारात, विहिरीच्या पाण्याच्या तापमानाला ठेवा. मे महिन्यातली जळगावची बंद खोली म्हणजे भट्टी, तिथे नकोत.

०, ३, ७, १४, २१ आणि ३० व्या दिवशी नायट्रोजनने धुतलेल्या सिरिंजने ५ मिलिलिटर काढा, तेवढाच वायू आत भरा, नमुना ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. आधी नायट्रेट शून्याकडे येईल, मग विरघळलेलं लोह वाढेल, युरेनियम त्याच सुमारास उतरेल. नायट्रेट थबकलं तर ॲसिटेट संपलंय का पाहा. नायट्रेट गेलं आणि युरेनियम हलत नसेल तर कॅल्शियम बघा: कठीण पाण्यात कॅल्शियम-युरेनिल-कार्बोनेट बनतं आणि जिवाणूंचं काम मंदावतं. गाळ काळा पडून सडक्या अंड्याचा वास आला की सल्फेटवाले आले, पुढचा डोस थांबवा.

शेवटी यशस्वी बाटल्यांपैकी एकीत हवा आणि दुसरीत नायट्रेट सोडा, दोन आठवडे मोजा. पावसाळ्यात खत धुऊन झिरपणारं पाणी हेच करणार आहे. युरेनियम परत वर आलं तर आधी नायट्रेटचा उगम थोपवायचा. भूजल यंत्रणेला विचारल्याशिवाय बोअरला हात लावू नका, आणि तोवर पिण्याच्या पाण्याला आरओ लावा.