मोरीच्या पाण्यावरची कर्दळ, आणि अंगणाला आडोसा

आडोशासाठी कर्दळ लावायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती उंच होते?’ मी उलट विचारते, तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं? नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या सोलापुरात पिण्याच्या पाण्यावर कर्दळीची भिंत उभी राहत नाही. तिला पाणी भरपूर लागतं, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की रोज लागतं. ते पाणी घरातूनच निघतं, फक्त गटारात न जाता मुळांपर्यंत गेलं पाहिजे.

मी जुळे सोलापूरमध्ये राहते, शाळेचे गणवेश शिवते. मशीन पडवीत, कारण उजेड तिथेच. समोर गल्ली, पलीकडे अक्कांचं घर, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण मान वळवून ‘काय चाललंय?’ विचारणारच. हिरवी जाळी लावली की उजेड जातो, पत्रा लावला की वारा जातो आणि पडवीची भट्टी होते. कर्दळीच्या पानातून उजेड गाळून येतो. काळ्या दोऱ्याने काळं कापड शिवायचं असेल तर तेवढा फरक फार मोठा.

आधी टेप घ्या. ज्या जागेवर तुम्ही बसता तिथून डोक्याची उंची मोजा, मग रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या नजरेची. पडवीचा जोता दीड-दोन फूट वर असतो हे विसरू नका, बसलेलं माणूसही तेवढंच वर दिसतं. बहुतेक घरांना जमिनीपासून ६ फूट पुरतात. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्यांपुढे मात्र कर्दळ काही करू शकत नाही. तिथे पडदाच लावा.

जात निवडताना नर्सरीत छोट्या पिशवीत फुललेलं देखणं रोप उचलू नका. कर्दळीचा दांडा फूल आलं की उंच व्हायचा थांबतो. म्हणजे दोन फुटांवर फुललेली कर्दळ बहुधा बुटक्या जातीचीच, तिला कितीही खत घाला. आडोशाला आपली लहान लाल फुलांची गावठी कर्दळ चांगली, पाच-सहा फूट सहज जाते आणि हाल सोसते. तपकिरी-जांभळट पानांची, नारिंगी फुलांची वायोमिंगही साधारण तेवढीच. पिवळ्या रेघांच्या पानांची दिसायला झकास, पण आपल्या उन्हात तिच्या पानांच्या कडा करपतात. तिला दुपारची सावली असेल तरच आणा. आणि खरी भिंत हवी असेल तर मुसाफोलिया. केळीसारखी रुंद पानं, त्यांना जांभळी कडा, जमिनीत आणि पाण्यावर ८-१० फूट. फुलं नावापुरती. फुलं हवीत की आडोसा हवा, हे तुम्ही ठरवा. मी तीच लावली आहे आणि पुढच्या बाजूला गावठी.

बी पेरायच्या भानगडीत पडू नका. ते छर्ऱ्यासारखं टणक असतं, कानशीवर घासून दिवसभर भिजवल्याशिवाय नीट रुजत नाही, आणि संकरित जातीच्या बियांतून आईसारखं रोप येईलच असं नाही. कंद घ्या. ओळखीच्यांकडे मागितले तर विकत घ्यायची वेळही येत नाही.

जमिनीत लावायचं तर चर आधी आखायचा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. घराच्या पायाला लागून रोज पाणी मुरवलंत तर कर्दळ वाढेल आणि भिंतीला तडेही जातील. चर घरापासून जमेल तेवढा लांब, कंपाउंडच्या बाजूला. कंपाउंडपासूनही फूटभर आत. रुंदी दोन-अडीच फूट, खोली दीड फूट. निघालेल्या काळ्या मातीत शेणखत आणि बारीक मुरूम मिसळून ती परत भरायची. साखर कारखान्याचा कुजलेला प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिळाला तर उत्तम, पण कुजलेलाच. ताजा गरम असतो.

न्हाणीघराचा पाइप या चरात सोडताना टोकाशी टोपलीभर खडी टाका आणि पाणी खडीच्या आतच पडेल असं करा. उघड्यावर पाणी साचलं की डास होतात, मग गल्लीतला प्रत्येक ताप तुमच्या कर्दळीच्या नावावर लागतो. कर्दळीला स्वतःला ओलीत उभं राहायचं काही वाटत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेच्या फायटोरिड या सांडपाणी शुद्धीकरणाच्या पद्धतीतही कर्दळ लावतात. आपल्याकडे मोरीच्या मागे अळू आणि कर्दळ असायचीच, ती उगाच नाही.

साबणाचं काय, हे सगळे विचारतात. अंघोळीचं पाणी बिनधास्त सोडा. भांड्यांचं पाणी खरकटं गाळून. कपड्यांचं पहिलं, पावडरचं पाणी मात्र गटारात जाऊ द्या, शेवटचं खळबळलेलं घ्या. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्यातल्या सोडियमने काळी माती घट्ट बसते, वर खपली धरते आणि पाणी खाली उतरत नाही. फरशी पुसायचं फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर पडलेलं पाणी अजिबात नको.

कंदाचे तुकडे दोन-तीन डोळ्यांचे करा, कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकू द्या, मग डोळे वर ठेवून तीन-चार इंच खोल लावा. एकच ओळ लावली तर दांड्यांच्या मधून सगळं दिसतं. दोन ओळी लावा, दोघींत फूटभर अंतर, आणि मागचं झाड पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत. ओळीतलं अंतर सव्वा फूट. दहा फुटांच्या कंपाउंडला पुढे आठ, मागे सात तुकडे पुरतात. त्याहून दाट लावायचा मोह होतो, पण कंद पसरून ती फट स्वतःच भरतात.

लावायची वेळ जून. पण सोलापूरचा पाऊस जूनमध्ये तोंड दाखवून गायब होतो आणि खरा सप्टेंबरात येतो, म्हणून पावसाच्या भरवशावर सोडू नका. मोरीचं पाणी चालू असेल तर गावठी कर्दळ दसऱ्यापर्यंत छातीच्या वर येते. उन्हाळ्यातच आडोसा हवा असेल तर फेब्रुवारीतही लावता येईल, फक्त पहिले दोन महिने जीव टाकून पाणी द्यावं लागेल.

गॅलरीत किंवा फरशीवर कुंडीशिवाय इलाज नाही. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा मधोमध कापला की दोन कुंड्या होतात. ड्रम रसायनाचा नको, खाण्याच्या वस्तूचा होता ना, ते विचारून घ्या. तळाला अंगठा जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा आणि कुंडी विटांवर ठेवा. एका अर्ध्या ड्रमात तीन तुकडे. नुसती काळी माती भरलीत तर ती कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. म्हणून एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. ओल्या मातीने भरलेला असा अर्धा ड्रम दीडशे किलोच्या आसपास जातो. गॅलरीच्या टोकाला चार ड्रम मांडायच्या आधी बांधकाम कळणाऱ्या माणसाला विचारा. कुंडीत उंचीही कमी मिळते, मुसाफोलिया पाच-सहा फुटांवर थांबते. पण कुंडीचीच दीड फूट धरली की काम भागतं.

बोअरचं पाणी कुंडीला देत असाल तर काठावर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. तो क्षार आहे, रोग नाही. पावसाचं पाणी कुंड्यांवर पडू द्या आणि तळातून भरपूर वाहू द्या. मोरीचं साबणाचं पाणी मी कुंडीला देतच नाही, तिथे ते मुरायला जागा नसते.

खत म्हणजे दर महिन्याला घमेलं-दोन घमेली शेणखत, बास. रसवंतीवाल्याकडची चिपाडं बुंध्याशी पसरायला छान, ओल टिकते. पण ती आधी दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. आणि खाली शेणखत घालूनच पसरा, कारण कुजताना चिपाडं जमिनीतलं नत्र ओढतात आणि पानं पिवळी पडतात.

आता कापणी. आडोसा टिकतो तो इथे. फुलून गेलेला दांडा पुन्हा वाढत नाही, नुसता वाळतो. तो जमिनीलगत कापायचा, शेंडा नाही. कापला की बाजूने नवा कोंब येतो. पण दोन्ही ओळींतले सगळे दांडे एकदम कधीच कापू नका. एरवी प्रत्येक गड्ड्यात गुडघ्याएवढा, कमरेएवढा आणि डोक्यावर गेलेला असे तिन्ही वयांचे दांडे असले पाहिजेत. आपल्याकडची थंडी कर्दळीला मारत नाही, नुसती मंदावते, आणि जानेवारीत पानं फाटकी दिसायला लागतात. त्याच महिन्यातली सिद्धेश्वराची ‘गड्ड्याची यात्रा’ उरकली की मी पुढची ओळ साफ करते. मागची जूनमध्ये. म्हणजे एक ओळ कायम उभी.

मे अखेरच्या वळवात उंच दांडे आडवे होतात. दोन टोकांना बांबू रोवून मध्ये पट्टी ताणा. मी लूमवरून निघणारी टॉवेलची किनार वापरते, नायलॉनची दोरी दांड्यात रुतते.

पानं गुंडाळणारी अळी पावसाळ्यात येते. गुंडाळलेलं पान उलगडून अळी चिरडा, औषध त्या नळीत पोचतच नाही. पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तांबेरा. ती पानं काढून जाळा आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या. पण शिरांच्या कडेने पिवळे पट्टे येऊन झाड खुरटलं तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. कंदासकट उपटा, आणि कापायचा कोयता साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. कुणी कंद देत असेल तर म्हणूनच आधी त्यांच्या झाडाची पानं बघून या.

दोन वर्षांनी गड्डा मधून पोकळ होतो, कुंडीचा ड्रम तर फुगतो. मेच्या शेवटी उकरा, मधले जुने कंद टाका, कडेचे डोळेदार ठेवा. आमच्याकडे सत्यनारायणाला केळीचे खुंट मिळाले नाहीत की गल्ली कर्दळ मागायला येते. त्यांना मी मागच्या ओळीतलेच दांडे देते. समोरच्या अक्कांनी या वर्षी कंद मागितलेत, त्यांना मुसाफोलिया देणार आहे. त्यांनीही लावली की गल्लीच्या दोन्ही बाजू झाकल्या जातील.