क्विनोलोन मोडलं की नुसतं नाहीसं झालं? ऑक्साइडच्या प्रयोगांत या चुका टाळा

टायटॅनियम डायऑक्साइड (प्रकाशात काम करणारा उत्प्रेरक) घातला, दिवा लावला, तासाभरात सिप्रोफ्लॉक्सासिनचा (हे क्विनोलोन गटातलं प्रतिजैविक) मोजणीच्या आलेखातला पीक, म्हणजे उंचवटा, खाली बसला. ‘इतके टक्के विघटन’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह इथेच होतो. पण द्रावणातलं औषध कमी व्हायला निदान चार वाटा आहेत: कणांवर चिकटणं, नुसत्या प्रकाशाने तुटणं, फिल्टरमध्ये अडकणं आणि उत्प्रेरकाने खरोखर मोडणं. या चारही गोष्टी एकाच खात्यावर मांडल्या की हिशेब चुकलाच.

कंट्रोल अर्धेच ठेवणं

फ्लुरोक्विनोलोन (फ्लोरीन असलेले क्विनोलोन, सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांतलंच) उत्प्रेरकाशिवायही अतिनील प्रकाशात तुटतात. (ही औषधं घेणाऱ्या काहींची त्वचा उन्हात भाजल्यासारखी होते, तीही त्यांच्या याच प्रकाशसंवेदी स्वभावामुळे.) म्हणून ‘दिवा चालू, ऑक्साइड नाही’ आणि ‘ऑक्साइड आहे, दिवा बंद’ असे दोन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेचे प्रयोग, हवेतच.

दिव्याआधी औषध कणांवर चिकटू द्यायला अंधारात ढवळायची ‘३० मिनिटं’ बहुतेक जण आधीच्या पेपरमधून जशीच्या तशी उचलतात. तुमच्या पावडरला किती वेळ लागतो ते तिलाच विचारा: ठरावीक अंतराने नमुने घ्या आणि वाचन स्थिरावल्यावरच दिवा लावा. गतीच्या आलेखातला C₀ (सुरुवातीची संहती) त्या क्षणाचा हवा. औषध घातल्याक्षणीचा C₀ घेतला, तर अधिशोषणाचं (कणांवर चिकटण्याचं) श्रेय फुकटात प्रकाशाला जातं. शेवटी पावडर अल्कधर्मी द्रावणाने धुऊन किती औषध परत मिळतं तेही मोजा. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि खरं-खोटं तिथेच कळतं.

टायटॅनियमऐवजी मँगनीज डायऑक्साइड असेल तर अंधारही निर्धोक नाही. तो स्वतःच ऑक्सिडीकारक आहे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पिपरॅझिन कड्यावर (रेणूच्या एका बाजूचं नायट्रोजनयुक्त कडं) दिव्याशिवायही हल्ला करतो.

‘दृश्य प्रकाशात चालतो’ हा घाईचा दावा

अॅनाटेजची (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश त्याला उपयोगाचा नाही. मग नायट्रोजन किंवा एखादा धातू मिसळून केलेल्या नमुन्याने ४०० नॅनोमीटरच्या पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन कमी केलं, की ‘बँड गॅप घटली’ असा निष्कर्ष निघतो. जरा थांबा. क्विनोलोनचा कार्बोक्सिल आणि शेजारचा कीटो गट मिळून पृष्ठभागावरच्या टायटॅनियमला घट्ट धरतात. असं तयार झालेलं संकुल दृश्य प्रकाश शोषतं आणि औषधाचाच इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या कंडक्शन बँडमध्ये (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या पातळीत) जातो. काहीही न मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवरही दृश्य प्रकाशात फ्लुरोक्विनोलोन कमी होतात, हे २००७ मध्येच प्रसिद्ध झालं आहे.

त्यामुळे शुद्ध ऑक्साइडचा, शक्यतो तेवढ्याच पृष्ठफळाचा नमुना त्याच दिव्याखाली, त्याच कट-ऑफ फिल्टरमागे चालवा. खात्रीसाठी औषधाऐवजी मिथिलीन ब्लू वापरू नका. तो रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, म्हणजे पुन्हा तोच खड्डा.

पीएचकडे आणि बफरकडे दुर्लक्ष

सिप्रोफ्लॉक्सासिनचे पीकेए (ज्या पीएचच्या आसपास रेणूवरचा भार बदलतो ते आकडे) सुमारे ६.१ आणि ८.७. या दोहोंच्या मधे रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असतात आणि तो पाण्यात सर्वांत कमी विरघळतो. स्टॉक (मूळ दाट द्रावण) गढूळ दिसला तर आधी पीएच बघा. पीएच धरून ठेवायला फॉस्फेट बफर घातला आणि अधिशोषण एकदम पडलं, तर दोष पावडरचा नाही: ऑक्साइडवरच्या जागा फॉस्फेटनेच बळकावल्या. सौम्य आम्ल-अल्कलीने पीएच जुळवा आणि प्रयोगाच्या सुरुवातीचा व शेवटचा असे दोन्ही आकडे नोंदवा. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतो आणि सुटलेलं झिंक क्विनोलोनला पकडतं. मग वर्णपटही सरकतो.

वजनातली चूक साधी, पण नेहमीची. बाटलीत हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट असेल तर १०० मिलिग्रॅममध्ये मूळ औषध सुमारे ८६ मिलिग्रॅमच असतं.

मोजणीतले घोटाळे

फक्त यूव्ही-व्हिजवर (द्रावण किती प्रकाश शोषतं त्या मोजणीवर) भागवू नका. बरेचदा पिपरॅझिन कडं आधी तुटतं आणि क्विनोलोनचा गाभा शाबूत राहतो. २७६ नॅनोमीटरच्या आसपास मग मूळ औषध आणि त्याचे तुकडे एकत्रच मोजले जातात. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) हवं. तिथे पीकला शेपूट आलं तर मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) आम्लधर्मी करून बघा. फ्लोराइड मोजून विघटन सिद्ध करत असाल, तर १० मिलिग्रॅम प्रति लिटर सिप्रोफ्लॉक्सासिनमधून जास्तीत जास्त ०.५७ मिलिग्रॅम प्रति लिटर फ्लोराइड सुटू शकतं, आणि आम्लात त्यातलंही काही टायटॅनियम डायऑक्साइडला चिकटतं.

फिल्टरमधून आधी नुसतं स्टँडर्ड (ठाऊक संहतीचं द्रावण) गाळून बघा, पहिले काही मिलिलिटर टाकून द्या.

स्यूडो-सेकंड-ऑर्डरच्या (अधिशोषणाच्या गतीचं एक समीकरण) सरळ रेषेत R² (रेषा किती जुळली त्याचा आकडा) ०.९९ आला म्हणून ‘रासायनिक अधिशोषण’ लिहू नका. t/q विरुद्ध t (t म्हणजे वेळ, q म्हणजे कणांवर चिकटलेलं औषध) काढताना t दोन्ही अक्षांवर असतो, त्यामुळे रेषा सुरेख येणारच. मूळ वक्रावर फिट करा आणि उरलेल्या फरकांचा (मोजलेला आकडा वजा फिटचा) आलेख बघा.

प्रक्रिया केलेल्या पाण्याची जिवाणूंवर चाचणी करताना झिंक ऑक्साइडने आणखी एक पेच घातलेला असतो. विरघळलेलं झिंक स्वतःच वाढ रोखू शकतं, त्यामुळे नमुना लावलेल्या चकतीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वलय औषधाचं की झिंकचं हे नुसतं बघून सांगता येत नाही. औषधाशिवाय, तेवढाच ऑक्साइड तेवढाच वेळ ढवळून गाळलेलं पाणी त्याच प्लेटवर दुसऱ्या चकतीवर ठेवा.