ला पाझला शिडाच्या बोटीवर पाहुणे येतात तेव्हा

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया सुर राज्यात निवडुंगांचं वाळवंट थेट निळ्या समुद्रात उतरतं. मित्र आले की त्यांना सगळाच किनारा दाखवावासा वाटतो. तसं करू नका. पाच दिवसांसाठी एस्पिरितू सांतो हे एकच बेट पुरेसं आहे. या राज्याची राजधानी ला पाझ, तिथून निघालात की पाचेक तासांत त्याच्या उत्तरेकडच्या खाडीत नांगर पडतो.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे उत्तम. ऑगस्ट ते ऑक्टोबर चक्रीवादळांची धास्ती असते, तर थंडीत उत्तरेचा वारा सुटला की दोन-तीन दिवस एकाच खाडीत अडकून पडावं लागतं. तारखा पाहुण्यांनी सांगाव्यात, मुक्काम कुठे ते वाऱ्यावर सोडावं. बेटाभोवतीचा समुद्र राष्ट्रीय उद्यानात येतो, म्हणून परवाने ला पाझमध्येच काढा. बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या लोस इस्लोतेस या खडकाळ बेटांपाशी समुद्रसिंहांसोबत पोहायचं असेल, तर जून ते ऑगस्ट तिथे पोहायला बंदी असते, हे आधीच सांगा.

सामान मऊ पिशव्यांतच आणायला सांगा, कडक सुटकेस बोटीवर कुठेच मावत नाही. लांब बाह्यांचे सुती कपडे हवेत आणि एक स्वेटरही, कारण वाळवंटातली रात्र गार असते.

पहिली संध्याकाळ धक्क्यावरच काढा आणि पाण्याचा हिशेब मांडा. टाकी ३०० लिटरची, माणसं चार, माणशी रोज १५ लिटर, म्हणजे पाच दिवस. बेटावर टाकी भरायची सोय नाही. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्यात फक्त विसळायची. आंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी आणि वरून दोन तांबे गोडं पाणी. पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नको. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याचं कळतही नाही. संडासाचा हातपंपही स्वतः चालवून दाखवा. संकोचापोटी हे टाळलं, तर पाहुणे तीन दिवस अवघडून राहतात.

सकाळी निघण्यापूर्वी जेवण करून ठेवा. पिठलं टॉर्टियाशी छान लागतं. बोट लागणाऱ्याला खाली केबिनमध्ये पाठवू नका. मागच्या बाजूला मोकळ्या हवेत बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा. गोळी घ्यायची तर निघण्याआधी, डॉक्टरांना विचारून.

खरी कसोटी रात्रीची. वसंताच्या अखेरीपासून इथे संध्याकाळी कोरोम्वेल सुटतो. तो येतो जमिनीवरून, मतलईसारखा, पण मूळचा पॅसिफिकवरचा गार खारा वारा. वाळवंट तापलं की ला पाझजवळच्या सखल भूमीवरून तो कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे ओढला जातो. बेटाच्या ज्या खाड्या पश्चिमेला उघड्या आहेत, त्यांत मग बोट पहाटेपर्यंत डुलते. त्यामुळे आडोसा बघूनच नांगर टाका, साखळी जास्त सोडा आणि कपबशा आवरा. झोपण्यापूर्वी पाहुण्यांना सांगा, की साखळी कुरकुरेल, दोर वाजतील, घाबरू नका, मी उठून बघत राहीन. आणि खरंच उठा.

विमानाच्या आदल्या दुपारीच ला पाझला परता. एक संध्याकाळ हाताशी राहते आणि खारट झालेले कपडे गोड्या पाण्यात धुऊन वाळवताही येतात.